तू पुरलेले गरुड

सोपान, तुझा दहावा झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला शेताच्या उत्तरेच्या बांधावर नेलं. तिथं निंबाच्या पलीकडे सहा दगड आहेत, हात-दीड हाताच्या अंतरावर एकेक. पंधरा-सोळा वर्षं मी त्या शेतात येतो आहे. ते दगड मला दिसले नव्हते असं नाही, पण बांधाचेच असतील म्हणून मी कधी निरखून पाहिले नाहीत. वहिनी पदर सावरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हे तुमचे गरुड."

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी बांधावर खाली बसलो. त्या घटकेपासून मी तुझ्याशी भांडतो आहे. एसटीत भांडतो, जेवताना भांडतो, वर्गात फळ्याकडे तोंड केलं की भांडतो. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ते मला आज कितपत जमेल माहीत नाही. तू मला फसवलंस, सोपान. सात वर्षं फसवलंस.

आपली ओळखही एका आळापासून झाली, आणि तो आळ मी घेतला होता. नव्वदीची सुरुवात होती. मी देवळाली कॅम्पच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, आणि रविवारी दुर्बीण घेऊन येवल्याच्या एसटीत बसायचो. फाट्यावर उतरून तुमच्या गावामागच्या पठारावर चढायचं आणि दिवसभर शिकारी पक्षी बघत हिंडायचं, एवढाच माझा छंद. एके दिवशी विजेच्या खांबावर चढलेला एक माणूस तारेशी काहीतरी खटपट करताना दिसला. मी खालून दरडावलं, कोण रे तू, तार चोरतोस का. तू मान खाली करून म्हणालास, "चोर काय खाकी घालून दिवसाढवळ्या चढतो व्हय, मास्तर?" मी मास्तर आहे हे तुला कसं कळलं, असं विचारलं तर म्हणालास, "वर्गातल्या पोरावर वरडल्यागत वरडला, म्हणून."

तू गावचा वायरमन होतास. त्या दिवशी तू सायकलची जुनी ट्यूब कापून खांबावरच्या तारांना गुंडाळत होतास. कावळा-चिमणीला तारेवर काही होत नाही, पण मोठ्या पंखाचं पाखरू बसता-उठताना एका वेळी दोन तारांना शिवतं आणि जागीच जळतं, हे पुस्तकात वाचण्याआधी मी तुझ्याकडून ऐकलं. वरून कुणी सांगितलं का, विचारलं तर हसलास. साहेबांना कळलं तर ट्यूब काढायला लावतील, म्हणालास. पठाराच्या कड्यावर मोरघारीची जोडी होती. मोरघार म्हणजे पोटाकडून पांढरा, घारीपेक्षा दणकट असा गरुड. तुम्ही घरचे लोक त्याला नुसतं गरुडच म्हणायचात. ती जोडी ज्या ज्या खांबावर बसायची ते सगळे खांब तू ट्यूब लावून झाकले होतेस.

त्यानंतर किती रविवार आपण त्या कड्यावर बसलो असू. शेवटपर्यंत तू मला "मास्तर, तुमी" म्हणालास. मी तुझ्याशी अरे-तुरेवर कधी आलो ते मला आठवत नाही, आणि आता ते लागतं. आपलं वय एकच होतं.

तुझ्या थोरलीच्या लग्नात देवक बसवायचं होतं. तुमच्या कुळाचं देवक गरुडाचं पीस. आजोबांच्या वेळचं पीस देव्हाऱ्यात होतं, त्याला कसर लागली होती. तू मला विचारलंस, आणि मी कड्याखाली शोधून गळलेलं एक लांबसडक पीस आणून दिलं. वहिनींनी त्याला हळद-कुंकू लावलं. मांडवात तुझ्या शेजारी बसून मी कुतूहलानं विचारत होतो आणि तू सांगत होतास, "आमच्या कुळात गरुड म्हंजी घरचं माणूस. त्याला मारायचं नाय. मेलेलं दिसलं तर उघडं टाकायचं नाय. माती द्यायची, अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ करायची, त्या दिशी चूल पेटवायची नाय." मी ते सगळं खिशातल्या वहीत उतरवून घेतलं. माहिती म्हणून. त्या दिवशी तुझ्या घरी दोनदा जेवलो.

ती वही अजून आहे. परवा काढून पाहिली. अक्षर माझंच आहे.

दोन हजार साल उलटल्यावर पठारावर पवनचक्क्यांचे टॉवर आले. एकेक पातं रेल्वेच्या डब्यापेक्षा लांब. ते वळणावर वळवताना ट्रकवाल्यांना दुपार झाली होती आणि अख्खं गाव बघायला उभं होतं. त्याच्या आदल्या वर्षी खांबावरून पडून तुझी कंबर गेली होती. कंपनीनं तुला टॉवरच्या देखरेखीला घेतलं. पक्ष्यांवर काय परिणाम होतो हे बघायला कुणीतरी जाणकार हवा होता, तर तू माझं नाव सुचवलंस. मला आवडलं, हे कबूल करतो. अहवालावर माझ्या नावाखाली 'पक्षितज्ज्ञ' असं छापून आलं, तो कागद मी बायकोला दाखवला होता.

वारा कड्याला आपटून जिथं वर उठतो तिथंच गरुड पंख न हलवता तरंगतो, आणि तिथंच टॉवरला वारा जास्त मिळतो. दोघांना एकच जागा हवी. शिकार शोधताना गरुड खाली बघतो, समोर बघत नाही. पातं लांबून सावकाश फिरतंय असं वाटतं, पण त्याचं टोक किती वेगानं येतं हे त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी पहिल्या कागदात लिहिलं होतं की कड्यालगतचे तीन टॉवर मागे घ्यावेत. कंपनीच्या साहेबांनी चहा मागवला आणि सांगितलं, सर, सूचना तोंडी असू द्या, कागदावर नको. मी ती ओळ काढली.

तुला मी हे सांगितलं नव्हतं. तेव्हा तू मलाच सुनवायचास. "तुमच्या नाशकात दिवसभर पंखा फिरतो, मास्तर. आमच्याकडं बारा-बारा तास लाइट नाय. तुमचं पाखरू वाचवू का माझा कांदा भिजवू?" मी म्हणायचो, ही वीज तुझ्या कांद्याला मिळणारच नाही, ती कुठल्या कुठं जाते. तू म्हणायचास, कुठंतरी जाते ना, कुणाचा तरी कांदा भिजतो ना. हे भांडण आपण कधी संपवलंच नाही. तुझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. म्हणून तर मी तुझ्यावर जास्त विश्वास ठेवला. ज्याला वीज हवी होती आणि तरी ज्यानं खांबाखांबाला ट्यूब गुंडाळली, तो माणूस खरं तेच सांगेल असं मी धरून चाललो.

कामाची पद्धत मीच ठरवली होती. दर पंधरा दिवसांनी मी येऊन प्रत्येक टॉवरभोवती गोल गोल फिरून मेलेली पाखरं शोधायची. मधल्या दिवसांत तू. जे सापडेल ते पोत्यात भरायचं, बरोबर चिठ्ठी ठेवायची: टॉवर कोणता, वार कोणता. रविवारी तू पोतं पुढं करायचास आणि म्हणायचास, "घ्या, तुमचा बाजार." पोत्यात वटवाघळं असायची, पाकोळ्या, होले, एकदा घुबड, दोनदा घार. मी ती काट्याला टांगून वजन करायचो, पंख ताणून पट्टीनं मोजायचो, लिहायचो. तू तेवढा वेळ पाठ करून बसायचास. तुला वास सहन होत नाही असं मी समजत होतो.

सात वर्षांत त्या पोत्यातून एकही गरुड निघाला नाही. रकान्यात मी दर वेळी 'निरंक' लिहिलं. मला त्याचा आनंद होत होता, सोपान. मी काढून टाकलेली ती ओळ मला झोपू देत नव्हती, आणि तुझं पोतं मला झोपवत होतं. बघ, तीन टॉवर तिथंच राहिले तरी काही बिघडलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

आता जे सांगायचं ते तुझ्याविषयी नाही, माझ्याविषयी आहे. एका पौषात मी नेहमीची सोडून पहाटेची एसटी पकडली आणि लवकर पोचलो. तू पंपाच्या खोलीपाशी उभा होतास, सदरा-धोतर अंगाला चिकटलेलं, दात वाजत होते. नखांत काळी माती होती. मी काय झालं विचारलं तर म्हणालास, पंप पाणी धरत नव्हता, उघडून बघायला गेलो तर अंगावर उडालं. मी बरं म्हटलं. तुमच्या गावाला त्या आठवड्यात सकाळी लाइट नसायची. ते वेळापत्रक मला पाठ होतं, कारण त्यावरून आपण सतत भांडायचो. पंप चालूच नव्हता. वहिनींनी त्या दिवशी चहासुद्धा केला नाही, आणि त्या घरात असं कधी झालं नव्हतं. चूल पेटलेली नाही हे मी पाहिलं. मी तुला आणखी एक प्रश्न विचारू शकत होतो. मी दुर्बीण काढली आणि पठारावर गेलो.

त्या वर्षी कड्यावर एकच मोरघार दिसली. पुढच्या वर्षी तीही नाही. मी अहवालात लिहिलं, 'जोडी खाद्याच्या शोधात अन्यत्र गेली असावी.' मोरघार बारा महिने आपली जागा सोडत नाही, हे मीच मुलांना शिकवतो.

शेवटचं आपण भेटलो ते नाशकात, दवाखान्यात. तुझ्या नाकात नळी होती. मी इकडचं तिकडचं बोलत होतो. तू मध्येच विचारलंस, शेजारच्या डोंगरावर कंपनी नवे टॉवर उभे करतेय, त्याचा कागद तुम्हीच लिहिणार का. मी म्हटलं, हो, पण त्यात लिहायचं काय, सात वर्षांचे आपले आकडे आहेत, तेच लावतील, काळजी करू नकोस. तुझा हात माझ्या मनगटावर होता, तो तू काढून घेतलास आणि भिंतीकडं वळलास. तुला थकवा आला असेल म्हणून मी उठलो. मला सायखेड्याला एका लग्नाला जायचं होतं. लग्नाला जायचं होतं, सोपान, आणि मी घड्याळ बघितलं, ते तू पाहिलंस.

बांधावर वहिनींनी सगळं सांगितलं. पहिला गरुड सापडला तेव्हा तू पोतं घेऊनच गेला होतास. रिकामं पोतं घेऊन परत आलास आणि कुदळ मागितलीस. वहिनी म्हणाल्या, मास्तरांना सांगा तरी. तू म्हणालास, "मास्तर चांगले हायत. पण ते त्याला काट्यावर टांगतील." धोतराच्या फाडलेल्या तुकड्यात तू त्याला गुंडाळलंस, माती दिलीस, दगड ठेवलास आणि कपड्यानिशीच आडाचं गार पाणी अंगावर ओतून घेतलंस. त्यानंतर पाच वेळा. दर वेळी वहिनींना बजावलंस, सांगायचं नाही.

मी तुझ्याशी काय भांडतो ते आता ऐक. पहिला सांगितला असतास तर मी साहेबांसमोर जाऊन बसलो असतो. निदान ती काढलेली ओळ परत लिहिली असती. कड्यालगतचे टॉवर विणीच्या दिवसांत दुपारचे बंद ठेवा म्हटलं असतं, ते ऐकलंही असतं कदाचित. तुला वाटलं तू त्यांचा मान राखतोयस. तू त्यांना एकेक करून पुरत गेलास, मी इकडे निरंक लिहीत गेलो, आणि आपल्या दोघांच्या त्या निरंकावर आता दुसरा डोंगर जाणार आहे. त्या डोंगरावरही घरटं आहे. तूच मला दाखवलं होतंस. तुझ्या भक्तीनं आणि माझ्या सहीनं मिळून जे केलं ते एकट्या कंपनीला जमलं नसतं. हे तुला दवाखान्यात कळलं होतं, म्हणून तू विचारलंस. मग बोलला का नाहीस?

असं विचारतो, आणि लगेच पोतं आठवतं. तुझ्या घरच्या मांडवात बसून ज्यानं सगळं लिहून घेतलं, त्यानंच तुझ्या हातात पोतं दिलं आणि घरचं माणूस त्यात भरून चिठ्ठी लावायला सांगितलं. तू नाही म्हणाला नाहीस. मास्तरांचं काम आहे म्हणून वटवाघळं भरलीस, घुबड भरलंस, आणि जे भरता येत नव्हतं तेवढंच वगळलंस. मला दुखवायचं नव्हतं तुला. त्याचाच राग येतो. तू माझ्यावर एकदा ओरडला असतास, पोतं अंगावर फेकलं असतंस, तरी आज मी तुझा जास्त ऋणी असतो.

आणि ऋणी मी आहेच. कड्यावर पोटावर पडून पिल्लांना भरवणारी मादी पहिल्यांदा पाहिली ती तुझ्या खांद्याला खांदा लावून. तू श्वास रोखून धरला होतास. एवढा दांडगा माणूस, खांबावरून पडल्यावर कण्हला नव्हता, पण पिल्लू पहिल्यांदा कड्यावरून उडालं तेव्हा तू टोपी काढून तोंडावर धरलीस. तसा माणूस मला पुन्हा भेटायचा नाही.

मी बांधावरून उठलो तेव्हा तुझा पोरगा नवनाथ आला होता. तुझ्या आजारपणात कंपनीनं तुझ्या जागी त्याला घेतलं आहे. मी त्याला म्हटलं की नव्या डोंगराचा कागद जाण्याआधी मला हे वनखात्याला कळवावं लागेल, जुने सगळे अहवाल खोटे आहेत असं लिहावं लागेल. तो म्हणाला, सर, दादा आता नाहीत, मेलेल्या माणसाला आरोपी कशाला करता. माझी नोकरी जाईल ते जाऊ द्या, पण गावात म्हणतील याच्या बापानं कंपनीचं खाऊन पाखरं लपवली. त्याचं चुकत नव्हतं. लोक तसंच म्हणतील. तू कंपनीसाठी लपवलं नव्हतंस हे मी कुणाकुणाला समजावत फिरणार?

मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी मला वही काढायला सांगितली आणि पहिल्या दगडापाशी जाऊन बसल्या. हा रांगडा कांदा लावला तेव्हाचा, पोटाला पांढरा होता. हा बाजरी सोंगताना. हा नवनाथचं लग्न ठरलं त्या आठवड्यातला, त्याचं डोकं मोठं होतं आणि डोळे पिवळे. म्हणजे तो सापमार गरुड असणार, मी तसं लिहून घेतलं. चौथा पौषातला. पाचवा आणि सहावा एकाच उन्हाळ्यातले. कोणत्या टॉवरखालचा हेही त्यांना तू सांगितलेलं होतंस. सहापैकी पाच कड्यालगतच्या त्या तीन टॉवरखालचे. मी विचारलं, कुणी खात्री करायला आलं आणि उकरायला लागलं तर? त्या म्हणाल्या, येऊ द्या, मी इथंच आहे, माझ्यासमोर उकरायचं आणि माझ्यासमोर परत बुजवायचं.

नवनाथनं पुन्हा विचारलं, "आई, म्हंजी दादांचं नाव लिवायचं?"

वहिनी दगडावरची माती हातानं पुसत होत्या. त्यांनी वर न बघताच मला सांगितलं, "लिवा भाऊ. त्यांनी लपवलं, असं लिवा. खरं हाय ते. पण तुमी एकदाबी इचारलं नाय, हेबी लिवा."

पत्र काल टपालात टाकलं, सोपान. पौषातली ती सकाळ त्यात पहिली आहे. तुझं नाव त्याच्या खाली येतं.